लसूणमास्तर

भाऊजींना वास येत नाही, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. ताईने गॅसवर दूध ठेवून शेजारी डोकवायला जावं, भाऊजींनी त्याच खोलीत पेपर वाचत बसावं, आणि दूध करपून पातेलं काळं पडलं तरी यांचं पान उलटलेलं नसावं, असं कितीदा झालं. ताई येऊन कपाळाला हात लावायची. "अहो, नाक आहे का शोभेची वस्तू?" भाऊजी पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "शोभेची तरी कुठं?" तेही खरंच होतं. चांगलं मोठं, मधेच बाक आलेलं नाक होतं त्यांचं. आणि गंमत अशी, की कारखान्यात भाऊजींना मान होता तो या नाकामुळेच.

मी ताईची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर भाऊजींनीच मला त्यांच्या शेडमध्ये कामाला लावलं. गाळणीची जाड कापडं धुणं हे माझं काम. लोकांना वाटतं, कारखान्यात कापडं धुते म्हणजे बाई सुखात आहे. त्यांनी एकदा येऊन धुऊन बघावं.

आमच्या कारखान्याला स्वतःची भट्टी नाही. भट्टी कुंपणापलीकडच्या मोठ्या कारखान्याची. तिथं दगड वितळवून तांबं काढतात, आणि धुराड्यात जी धूळ अडकते ती पोत्यांत भरून आमच्याकडे पाठवतात. म्हणजे त्यांनी जेवायचं आणि आम्ही त्यांची ताटं चाटायची. पण त्या ताटांनाही बराच माल चिकटलेला असतो. ती राखाडी धूळ मोठ्या टाकीत ओतायची, वर ॲसिड सोडायचं, वाफ देऊन ढवळत ठेवायचं. धूळ आपल्यातले धातू सोडते, पाणी मोरपिशी होतं आणि नको ते गाळ होऊन तळाशी बसतं. मोरपिशी पाणी माझ्या कापडांतून गाळून पुढच्या शेडमध्ये जातं. तिथं त्यातून तांबं, जस्त आणि मोबाइलच्या काचेला लागणारा कुठलासा महागडा धातू वेगळा करतात. तो धातू मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. आमच्या वाट्याला येते ती ॲसिडची वाफ. तिने कपड्यांना भोकं पडतात, पुढचे दात झिजतात आणि हळूहळू नाक मरतं. भाऊजींचं तसंच मेलं.

आता त्या वायूबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. त्या धुळीत सोमल असतं, उंदीर मारायचं जुनं विष. एरवी ते गाळात गपचूप पडून राहतं. पण सोमल, ॲसिड आणि जस्तासारखा एखादा कोरा, न विरघळलेला धातू असे तिघे एके ठिकाणी आले, की त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, त्याने डोळे झोंबत नाहीत, खोकला येत नाही. फक्त लसणाचा वास येतो. माणूस टाकीतून हसत वर येतो, घरी जाऊन चहा पितो, आणि मग त्याच्या अंगातलं रक्त आतल्या आत फुटायला लागतं.

भाऊजी तरुणपणी एकदा यातून वाचले होते. टाकीच्या तळाचा कडक झालेला गाळ खरवडायला माणसाला शिडीने आत उतरावं लागतं. भाऊजी शिडीवर होते, त्यांचा जोडीदार आधीच खाली होता. भाऊजी म्हणाले, कसला रे वास येतोय? खालचा म्हणाला, कुणीतरी डबा उघडला असेल. भाऊजींना काय वाटलं कोण जाणे, ते आल्या पावली वर आले. जोडीदार काम संपवून आला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

तेव्हापासून शेडमध्ये एक रीतच पडली. टाकीत माणूस उतरवायचा तर आधी भाऊजींना बोलवायचं. ते टाकीच्या तोंडाशी वाकणार, डोळे मिटून लांब श्वास घेणार, आणि "चला" म्हणणार. त्यांच्या "चला"शिवाय शिडीवर कुणी पाय ठेवत नसे. लोखंडी फावडं, पत्र्याची बादली टाकीच्या आसपास फिरकू द्यायची नाही, हा दुसरा नियम. लाकडी फावडं आणि प्लास्टिकची बादली, एवढंच आत जायचं.

पुढे नाक मेलं. भाऊजींनी ते लपवलं असं कुणी म्हणेल तर मी भांडेन. नाकासमोर चालणारा माणूस होता तो. त्यांनी इनचार्ज साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं, "साहेब, मला आता वास येत नाही. दुसरा कुणी बघा." साहेब म्हणाले, "दुसरा कोण?" आणि खरोखरच दुसरा कुणी नव्हता. ज्यांना तो वास माहीत असावा असे जुने लोक, त्यांची नाकं भाऊजींसारखीच गेलेली. ज्यांची नाकं शाबूत होती ते नवे, त्यांनी तो वास कधी घेतलेला नाही. कसा घेणार? भाऊजींसारखा एखादा सोडला, तर तो घेतलेला माणूस सांगायला राहत नाही.

साहेबांनी वायू ओळखायचं एक यंत्र मागवलं. ते टाकीपाशी खिळ्याला टांगलं. पण ते ॲसिडच्या वाफेनेही बोंबलायचं, कुणी दार उघडलं तरी बोंबलायचं. दिवसभर कोण ऐकणार ते? कुणीतरी त्याचा सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला. घड्याळ अजून चालू आहे.

तेव्हा भाऊजींनी ती युक्ती काढली. एक दिवस कामावर येताना त्यांनी शर्टाच्या खिशात लसणाच्या पाकळ्या आणल्या. नवा माणूस आला की ते खिशातून एक पाकळी काढायचे, अंगठ्याने चिरडायचे आणि त्याच्या नाकाखाली धरायचे. "हा वास लक्षात ठेव. टाकीत हा आला, की हातातलं टाकायचं आणि पळायचं. विचार करायचा नाही." एकदा शिकवून कुणाच्या लक्षात राहतं? म्हणून मग रोज सकाळी, रांगेने. शाळेत प्रार्थना असते तसं. पोरं त्यांना लसूणमास्तर म्हणायला लागली.

सुरुवातीला थट्टा झाली, मग ते अंगवळणी पडलं. मास्तरांना खूश करायला पोरं आपल्याही खिशात पाकळ्या ठेवू लागली. मास्तर शेजारून गेले की एकजण पाकळी चिरडून दुसऱ्याच्या नाकाला लावायचा, "पळ, पळ" म्हणायचा, आणि सगळे खिदळायचे. काही दिवसांनी आमच्या शेडमध्ये शिरलं की स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, "भाऊजी, एवढ्या लसणात आता फक्त मिरची घालायची राहिली." ते हसले. मीही हसले. साहेब एकदा म्हणाले, सुरक्षेची अशी आवड कामगारांत क्वचितच दिसते. त्या सगळ्यांत शहाणं म्हणावं असं कुणी नव्हतं, मीही नव्हते.

ताई-भाऊजींना एकुलती एक मुलगी. माझी भाची. तिचं लग्न झालं ते एका छापखान्यातल्या मुलाशी. जावई म्हणजे अगदी हसतमुख, जरा बडबड्या, आणि नाक असं तिखट की चार घरांपलीकडे काय शिजतंय ते दारातून सांगायचा. जेवायला आला की ताटावर बसायच्या आधीच ताईला सगळा बेत ऐकवायचा. ताई लाजायची आणि खूश व्हायची. इतकी वर्षं तिने ज्याच्यासाठी रांधलं त्याला भात आणि वरण यांतला फरक डोळ्यांनी बघून कळत होता.

मग छापखाना बंद पडला. जावई बरेच दिवस घरी बसून राहिला. भाची वडिलांकडे आली. "बाबा, तुमच्या शेडमध्ये लावा यांना."

भाऊजी म्हणाले, "तिथं नको."

"मग कुठं? तुम्हीच सांगा."

आमच्या भागात त्या दोन कारखान्यांशिवाय होतं काय? भाऊजींनी हाताची नखं बघितली. मग म्हणाले, "माझ्या नजरेखाली ठेवीन. त्यांचं नाक तयार झाल्याशिवाय टाकीत उतरवणार नाही."

"तुमच्या भरवशावर पाठवतेय," भाची म्हणाली. तेवढंच. पण भाऊजींनी ते वाक्य उराशी बांधलं. मी पाहत होते ना रोज. जावई कामाला लागल्यापासून भाऊजींना दुसरं काही सुचत नसे. शेडमध्ये सकाळी एकदा पाकळी, जेवणाच्या सुट्टीत एकदा, घरी निघताना एकदा. मागून जाऊन नाकाशी धरायचे. "काय आहे, जावईबापू?" जावई न वळता म्हणायचा, "सासरे आहेत." पोरं हसायची, भाऊजीही हसायचे. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं की आता आपल्या जागी कुणीतरी उभं राहील, चांगलं नाक असलेलं आणि घरचं. त्या काळात ते जरा ताठ चालायचे.

जावयाची टाकीत उतरायची पाळी आली तो दिवस भर उन्हाचा होता. भाऊजींनी टाकीच्या तोंडाशी वाकून श्वास घेतला, सवयीने. मग बादलीची दोरी धरून उभ्या असलेल्या माणसाशेजारी जावयाला वाकायला लावलं. "काय येतंय?"

"ॲसिड. ओला गाळ. रबर. आणि त्या दोरीवाल्याने आंघोळ केलेली नाही."

"लसूण?"

"खाली नाही. इथं वर आहे, सगळ्यांच्या खिशात."

"चला," भाऊजी म्हणाले. जावई उतरला. टाकीत तोपर्यंत खरंच काही नव्हतं, हे मी ठासून सांगते. दोघांचं काहीच चुकलं नव्हतं.

काम निम्मं झालं आणि प्लास्टिकच्या बादलीची कडी तुटली. नव्या बादल्या मागून किती दिवस झाले होते, स्टोअरवाला म्हणायचा कागद वर गेलाय. कागद कुठल्या स्वर्गात जातात कोण जाणे. दोरीवर जो माणूस होता त्याने इकडंतिकडं बघितलं आणि नळापाशी हातपाय धुवायला ठेवलेली जस्ताची बादली दोरीला बांधून खाली सोडली. चार खेपांपुरती, असं त्याला वाटलं असेल. खाली तळाशी पावलं बुडतील एवढं ॲसिडचं पाणी होतं. बादली त्यात उभी राहिली.

भाऊजी तेव्हा माझ्याकडे आले होते, कापडं वाळली का विचारायला. परत गेले, टाकीच्या तोंडाशी वाकले आणि आत हाक मारली, "जमतंय ना?"

खालून जावयाचा आवाज आला. मी पाठोपाठच होते, मला स्पष्ट ऐकू आला. "मामा, तुम्ही यायच्या आधीच तुमचा वास येतो हो. आज लसूण जरा जास्तच आणलात."

भाऊजी हसले. हसता हसता त्यांचा हात खिशाकडे गेला. त्या दिवशी ताईने त्यांचा शर्ट धुवायला टाकला होता आणि ते दुसरा घालून आले होते. खिशात काहीच नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. तसा चेहरा मी कुणाचाच पाहिलेला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

"वर या," ते म्हणाले. मग ओरडले, "वर या, वर या."

जावयाला वाटलं, नेहमीची गंमत चाललीय. तो म्हणाला, "एवढी बादली भरतो आणि येतो." त्याने ती भरली. भाऊजी स्वतः शिडीवरून अर्धे उतरले, त्याच्या कॉलरला धरलं आणि वर ओढलं. तो वर येऊन हसतच उभा राहिला. घाम पुसला. "अहो मामा, काही झालं नाही मला."

आणि खरंच काही झालेलं दिसत नव्हतं. भाऊजींनी त्याला तसाच, बुटांसकट, दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती बघितली, पित्ताची गोळी दिली, घरी जा म्हणाले. भाऊजी हात जोडून सांगत होते, "साहेब, याला लसणाचा वास आलाय." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, म्हातारा ठीक आहे ना, अशा नजरेने. जावई बिचारा ओशाळला. "मामा, चला हो," म्हणाला, "लोक बघतायत."

दिवस मावळायच्या आत त्याला थंडी वाजली, कंबर दुखायला लागली, आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली. मग मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरीणबाईंना कळलं काय ते. त्यांनी रक्त बदललं, यंत्राला लावलं, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. जावयाचा रंग तांब्यासारखा झाला होता. आमच्या पुढच्या शेडमध्ये निघतं त्या तांब्यासारखाच. भाचीने त्याचा हात सोडला नाही. तो मधेच शुद्धीवर येऊन विचारायचा, आज जेवायला काय आहे. त्याला वास येत होता अगदी शेवटपर्यंत. डेटॉलचा, नर्सच्या हातातल्या साबणाचा, सगळ्यांचा तो हिशेब सांगायचा. आठवडा उलटायच्या आत तो गेला.

त्या डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना आणि मला बाजूला घेऊन नीट समजावून सांगितलं होतं. बाई चांगल्या होत्या, खोटा धीर देणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "काका, या वायूचा वास यायला लागतो तेव्हा तो अपायाच्या कितीतरी पुढं गेलेला असतो. नाकाच्या भरवशावर कुणालाच वाचवता येत नाही. पूर्वीही आलं नसतं."

भाऊजींनी मान हलवली. म्हणजे इतकी वर्षं टाकीच्या तोंडाशी वाकून त्यांनी जे "चला" म्हटलं होतं, त्याला काही अर्थच नव्हता. माणसं वाचली ती आपल्या नशिबाने. घरी परतताना रिक्षात ते एवढंच बोलले. "मी शिकवायला गेलो, लसणाचा वास म्हणजे पळायचं. तो शिकला, लसणाचा वास म्हणजे सासरा आला." ते खरंच होतं.

चौकशी झाली. कामगारांनी चुकीची बादली वापरली, असं ठरलं. स्टोअरमध्ये दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या बादल्यांचा ढीग आला. शेडच्या दारावर पाटी लागली, आत लसूण आणण्यास सक्त मनाई आहे. यंत्र नवं आलं. तेही बोंबलतं. महिन्याभरात त्याचं तोंड कुणीतरी चिकटपट्टीने बंद केलं. मी साहेबांना डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, अगदी शब्दन् शब्द. साहेब म्हणाले, "बरोबर आहे हो, पण काहीच नसण्यापेक्षा बरं ना? लोकांना धीर येतो." मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, तुमचा माणूस गेला असता तर असं बोलला असता का? ते फोनवर बोलायला बाहेर गेले.

मग कंपनीने मोठं मन दाखवलं. मयताच्या जागी त्याच्या बायकोला नोकरी. आमच्याच शेडमध्ये. काम काय, तर टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं. भाऊजींना सक्तीने घरी बसवलं होतं, बाकीच्यांची नाकं गेलेली, आणि रीत तर मोडवत नव्हती. साहेब म्हणाले, मास्तरांची मुलगी आहे, लसणाचा वास तिला कुणी शिकवायला नको.

भाऊजी रागावले नाहीत, तिच्या पायाशी बसले. आपल्या मुलीच्या. "नको जाऊस," म्हणाले. "त्याचा काही उपयोग नाही. डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"ऐकलं," भाची म्हणाली. "बाबा, मग खायचं काय आपण?"

ती कामाला जायला लागून आता बरेच महिने झाले. टाकीत माणूस उतरायच्या आधी ती सगळ्यांचे खिसे उलटे करायला लावते. मग वाकते, डोळे मिटते, लांब श्वास घेते. अगदी बापासारखी. "चला" म्हणते आणि माणसं उतरतात. मी कापडं धुता धुता तिच्याकडे बघायचं टाळते. तिच्या ओढणीला आता बारीक भोकं पडायला लागली आहेत.

घरी भाऊजींनी नवीनच एक सुरू केलंय. सकाळी ती निघायच्या आधी तिला डोळे मिटायला लावतात. ताई हातात काहीतरी घेऊन तिच्या नाकाखाली धरते, भाऊजी विचारतात, काय आहे? कांदा. रॉकेल. चहाची पूड. ती पटापट सांगते, जराशी वैतागून. भाऊजींना स्वतःला त्यातलं काहीच येत नाही, ते फक्त ताईच्या हाताकडे आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघत असतात. परीक्षा झाली की ते तिचा डबा हातात देतात.

आज मी तिला बोलवायला गेले तेव्हा हेच चाललं होतं. ताईच्या हातात अंगाचा साबण होता, नेहमीचाच, वासाचा. भाचीने डोळे मिटून श्वास घेतला. मग आणखी एकदा घेतला. भाऊजी हातातला डबा धरून उभे होते.

"साबण," ती म्हणाली, पण जरा थांबून.

ताईने साबण परत मोरीत नेऊन ठेवला. भाऊजींनी मुलीच्या हातात डबा दिला, आणि आम्ही दोघी कामाला निघालो.